धाकट्या शेठची हेमांगी

धाकटे शेठ वाईट माणूस नव्हते, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी त्यांच्यावर बरंच तोंडसुख घेणार आहे. वाईट असते तर सोपं होतं. दोन शिव्या घालून मी मोकळी झाले असते. पण माझ्या भावावर, सहदेववर, त्यांनी इतका जीव लावला की तो त्याखाली दबून गेला, आणि आम्हाला ते कळलंसुद्धा उशिरा.

शेठचं नाव नंदकिशोर. आजोबांची गलबतं होती, वडिलांनी आगबोटी घेतल्या, आणि पुढे मुंबईहून मालवण-वेंगुर्ल्यापर्यंत कोकणातली कितीतरी माणसं त्यांच्याच बोटींतून ये-जा करू लागली. धंदा थोरल्या भावाचे मुलगे बघायचे. हे धाकटे, त्यांच्या वाट्याला नुसता पैसा आला आणि तो खर्च कसा करायचा एवढंच काम उरलं. बाटलीत घालवला नाही, हे कबूल केलं पाहिजे. बायको लग्नानंतर लवकरच वारली, मूलबाळ नव्हतं, दुसरं लग्न त्यांनी केलं नाही. अंधेरीला वेसाव्याच्या रस्त्यावर नारळीच्या बागेत त्यांचा बंगला होता. एका अंगाला तांबडी माती टाकून त्यांनी हुतूतूचं मैदान केलं. दुसऱ्या अंगाला चांगला पक्का रंगमंच बांधला. दोन्हीकडच्या मंडळींचं नाव एकच, दर्यावर्दी संघ. मधल्या व्हरांड्यात शेठची आरामखुर्ची असायची. संध्याकाळी ती घटकाभर इकडे वळायची, घटकाभर तिकडे. खेळाडूंना दूध आणि अंडी मिळायची, नटमंडळींना चहा आणि कांदाभजी. कुणाची आई आजारी पडली तर शेठचा डॉक्टर जायचा, कुणाचं लग्न ठरलं तर नवरानवरी बोटीने फुकट गावाला.

आमचे बाबा त्यांच्या बोटीवर खलाशी होते. पाय मोडला तेव्हा शेठनी त्यांना बंगल्यावर माळी म्हणून आणलं आणि मागच्या खोल्यांपैकी एक आम्हाला राहायला दिली. बाबा वारले तेव्हाही कुणी खोली सोडा म्हणालं नाही. उलट सहदेवला कंपनीच्या ऑफिसात चिकटवलं. आई रोज देवापुढे दिवा लावताना देवीच्या मागोमाग शेठचं नाव घ्यायची. अशा घरात ‘नाही’ हा शब्द कसा टिकणार?

सहदेव माझ्याहून थोडा मोठा. एकोणीसशे पन्नासच्या सुमारास आमच्या बाजूला हुतूतू खेळणाऱ्यांत त्याच्या तोडीचा कुणी नव्हता. अंगाने सडपातळ, पण दम असा की चढाईला गेला की समोरचे कंटाळून चुका करायचे. त्याचा ‘हुतूतू’ कधी चढायचा नाही, कधी पडायचा नाही, एका सुरात चालू. घाटकोपर, मुलुंडकडचे संघ खेळायला यायचे ते आधी विचारायचे, सहदेव आहे का रे आज? मैदानाच्या कुंपणाला खेटून जोगेश्वरीहून येणारी एक मुलगीही उभी असायची. सुगंधा तिचं नाव. तिचे वडील दशरथकाका आमच्याच गावचे, गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम. आईला भेटायच्या निमित्ताने ती यायची आणि आईशी दोन शब्द बोलून कुंपणाकडे पळायची. आईला कळत होतं, मला कळत होतं, सगळ्या संघाला कळत होतं. सहदेव तेवढा मातीत तोंड घालून लाजायचा.

मग गणपतीत एकदा त्याला दुर्बुद्धी झाली. संघाच्या करमणुकीच्या कार्यक्रमात त्याने माझं लुगडं नेसून वेसाव्याच्या कोळणीची नक्कल केली. भाव करणाऱ्या बाईला ती कशी झाडते, मासळी झाकते, पुन्हा उघडते, हे सगळं. माणसं हसून लोळली. शेठही हसले, पण मध्येच पुढे वाकून बघायला लागले. नक्कल संपल्यावर त्यांनी त्याला जवळ बोलावलं आणि म्हणाले, “तिकडून इकडे चाल बघू. कोळीण नको. घरातली बाई चालते तसा चाल.”

तो चालला. मला पाहून शिकला होता तो, दुसरं कुणाला पाहणार? मी पाण्याची कळशी घेऊन येते तशी त्याची मान एका बाजूला झाली. शेठनी आपली खुर्ची पुरती रंगमंचाकडे वळवून घेतली.

त्या दिवसांत आमच्या उपनगरांत हौशी नाटकांतून पुरुषच बाईची कामं करायचे. घरंदाज बायका रंगमंचावर येत नसत आणि येणाऱ्या बायकांना लोक घरंदाज म्हणत नसत. शेठनी एका शाळामास्तरांकडून नवं नाटक लिहून घेतलं होतं. बंदराचा सरदार रणजित आणि त्याच्यासाठी घरदार सोडून येणारी हेमांगी. हेमांगी कोण करणार हा घोळ चालला होता, तो त्या संध्याकाळी मिटला. शेठची एकच अट होती. टोप लावलेली बाई त्यांना चालत नसे. “टोपाखाली बाई नाही दिसत रे, टोपच दिसतो,” म्हणायचे. केस स्वतःचे हवेत.

सहदेवने केस वाढवायला सुरुवात केली. आणि आमच्या घरात खोटं शिरलं ते तिथून. गावातली माणसं बोटीतून उतरली की आमच्याकडे यायची. सातेरीदेवीच्या गावातला मुलगा अंबाडा घालून बसलेला बघून काय म्हणतील? आई दोन दिवस विचार करत होती. तिसऱ्या दिवशी तिने जाहीर करून टाकलं, “नवस आसा. बापाशीक बोटीर अपघात झालो तेव्हा मी बोललंय, वाचलो तर झिलाचे केस वाढवन देवीक वाहीन म्हणान.” झालं. नवसाच्या केसांना हसायची कुणाची छाती? नवसाचे केस आहेतच, तर नाटकातही कामी येतात, असंच सगळे समजले. दशरथकाकांनी तर ऐकून हात जोडले. पुढे सुगंधाची बोलणी झाली तेव्हा तेच म्हणाले, “देवीचा काम आधी. केस वाहा, मगे लगीन. मी थांबतंय.” भला माणूस होता. देवीच्या नावावर आम्ही त्याला थांबवून ठेवलं.

सुरुवातीला सहदेव दोन्ही करत होता. अंबाड्यावर माझी रिबीन घट्ट आवळून तो मैदानात उतरायचा आणि बाहेरचे संघ शिट्ट्या मारायचे. तो चार गडी बाद करून परत आला की शिट्ट्या बंद. पण पहिल्या प्रयोगाच्या आदल्या संध्याकाळी त्याच्या दंडाला मार लागला आणि हेमांगी हिरवानिळा दंड घेऊन रंगमंचावर आली. शेठना ते सहन झालं नाही. ते रागावले नाहीत, रागवायचेच नाहीत ते. त्याचा दंड हातात धरून म्हणाले, “सहदेव, खेळायला मला पुष्कळ पोरं मिळतील. हेमांगी नाही मिळणार. काही वर्षं एवढं कर माझ्यासाठी. मग पुढे रणजित तूच. नायकाचं काम तुझं, माझा शब्द.”

सहदेव म्हणाला, “होय शेठ.”

त्या शब्दासाठी त्याने मैदान सोडलं. हे मी विसरलेली नाही. लोक पुढे म्हणायचे, त्याला बाई व्हायचीच हौस होती. हौस होती, का नसावी? उत्तम काम करायचा तो. पण रोज आरशासमोर माझी पावडर पुसताना एकदा तरी म्हणायचा, “माले, रणजिताच्या एन्ट्रीक मी तलवार अशी धरतलंय.” आणि माझं लाटणं घेऊन खोलीभर फिरायचा. त्याला एकदा पुरुष म्हणून त्या रंगमंचावर उभं राहायचं होतं, सुगंधाने बघावं म्हणून. एवढंच त्याचं मागणं होतं.

हेमांगी मात्र आमच्या बाजूला गाजली. आता कुणाला आठवणार नाही, पण जोगेश्वरीपासून पार्ल्यापर्यंत बायका हेमांगीचा पदर बघायला यायच्या. माझ्या हातचा नेसवलेला पदर. काही बायका मला थांबवून विचारायच्या, तिच्या निऱ्या एवढ्या बारीक कशा गं बसतात? मी म्हणायचे, कंबर नाही ना तिला, म्हणून. तिसऱ्या अंकात हेमांगी रणजिताला जाब विचारते ते वाक्य शाळेतल्या मुलीही म्हणायच्या: “समुद्र आडवा होता म्हणता? तो मलाही आडवा होता. मी आले. तुम्ही का नाही आलात?” हे वाक्य तो एका दमात, आवाज जराही न चढवता म्हणायचा आणि शेवटच्या शब्दाला त्याचा हात खांद्यावरच्या पदराकडे जायचा. पटांगणात पापड मोडला तरी ऐकू येईल अशी शांतता. शेठ दर वेळी डोळे पुसायचे. मी पडद्याच्या फटीतून बघायचे आणि मला वाटायचं, हा माणूस नाटक बघत नाहीये. हेमांगीला बघतोय. त्यांच्या रिकाम्या बंगल्यात तेवढी एकच बाई येत होती, आणि ती माझ्या भावाच्या अंगातून. त्यात वावगं काही नव्हतं. त्याला कधी ते वेडावाकडं बोलले नाहीत, कधी नको तिथे त्यांनी हात लावला नाही. नुसते बघायचे. पण नुसतं बघणंसुद्धा माणसाला बांधून ठेवतं, हे मला नंतर समजलं.

अशी वर्षं गेली आणि दिवस बदलले. शहरात बायका धीटपणे नाटकांत उभ्या राहायला लागल्या. आमच्याकडची तरुण पोरं बाई झालेल्या पुरुषाला बघून खुसखुसायला लागली. सहदेवच्या हनुवटीवर पावडर बसेना. मास्तरांनी आणि संघातल्या मंडळींनी शेठच्या मागे टुमणं लावलं, आता खरी बाई आणा. शेठनी ते पुष्कळ दिवस टाळलं. शेवटी गिरगावातून रत्नप्रभा नावाची नटी आली. नाकीडोळी नीटस, कामाला चोख, घरात आजारी वडील आणि धाकटी भावंडं. तिच्याबद्दल वाईट बोलायला मला एकही जागा सापडलेली नाही.

“शेठ, मग रणजित?” सहदेवने विचारलं.

“शब्द दिलाय ना मी,” शेठ म्हणाले. आवाजात उत्साह नव्हता, पण शब्द मोडणाऱ्यांतले ते नव्हते.

घरात दिवाळी झाली. आई, सहदेव आणि मी बोटीने गावी गेलो. सातेरीच्या देवळासमोर गावाच्या साक्षीने न्हाव्याने ते केस उतरवले. कमरेखाली पोचले होते. आईने ते परडीत घेऊन देवीपुढे ठेवले आणि कधी न बोललेला नवस फेडताना ढसाढसा रडली. दशरथकाकाही सुगंधाला घेऊन मुद्दाम आले होते. त्यांनी सहदेवच्या बोडक्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, “आता बरो दिसतंस. नाटकात सरदार होतलंस तां बघतंय, आणि वैशाखात लगीन.” सुगंधा देवळाच्या खांबाआडून बघत होती आणि हसू दाबत होती. इतक्या आनंदात मी माझ्या भावाला त्याआधी बघितलं नव्हतं, नंतर तर नाहीच.

मुंबईला परत आल्यावर तो शेठच्या पाया पडायला गेला. मी सोबत होते. शेठनी वर बघितलं आणि त्यांचा चेहरा असा उतरला की मला वाटलं, कुणी गेल्याची तार आली. मग ते सावरले, म्हणाले, “टोपी घालत जा. डोक्याला थंडी लागेल.” आणि आत निघून गेले.

तालमी सुरू झाल्या. हेमांगी कशी बसते, कशी वळते, हे रत्नप्रभाला सहदेवनेच शिकवलं. हातचं न राखता शिकवलं. स्वतःचं रणजिताचं काम तो घरी पाठ करायचा आणि चालणं माझ्याकडून तपासून घ्यायचा. “माले, बाई दिसतंय काय?” “नाय रे,” मी म्हणायचे. थोडी दिसायची. पावलं अजून जवळजवळ पडायची, मान जरा कलायची. पण तलवार आणि मिशी आली की झाकलं जाईल असं मला वाटलं. बोलायलाही चांगला होता, दमदार. त्याचं काम वाईट होतं असं कुणी म्हणालं तर मी आजही भांडेन.

प्रयोगाला सगळं पटांगण भरलं होतं. वेसावकर कोळी, पार्ल्याचे मास्तर, मैदानातले जुने गडी, सगळे. पुढच्या ओळीत दशरथकाका धुतलेला सदरा घालून बसले होते, शेजारी सुगंधा, तिच्या शेजारी मी. पहिले दोन अंक छान गेले. सहदेव तलवार घेऊन आला तेव्हा सुगंधाने माझा हात असा दाबला की माझी बांगडी पिचली. दशरथकाका शेजारच्याला सांगत होते, “आमचो जावय तो.”

तिसरा अंक आला. आता आमच्या रंगमंचाची एक रीत सांगायला हवी. सांताक्रूझहून उडालेलं विमान आमच्या नारळींवरून घरघरत जायचं. त्यामुळे दर्यावर्दीच्या नटांना सवयच होती, विमानाचा आवाज आला की आहे तसं थांबायचं, विमान जाऊ द्यायचं, मग पुढचं वाक्य. प्रेक्षकही तेवढ्यात खोकून घ्यायचे. तालमी दुपारच्या व्हायच्या, त्या वेळी विमान कधी आलंच नाही, आणि गिरगावातल्या रत्नप्रभाला हे सांगायचं कुणाच्याही लक्षात राहिलं नाही. आम्हाला ती सांगण्याची गोष्ट वाटतच नव्हती.

रत्नप्रभाने “समुद्र आडवा होता म्हणता” म्हणायला तोंड उघडलं आणि विमान आलं. ती थांबली नाही, बोलत राहिली, पण तिचं बोलणं तिलाच ऐकू येईना. तिने मध्येच सोडलं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा सोडलं. विमान गेलं तेव्हा ती नुसती उभी होती, सगळं विसरून. विंगेतून कुणीतरी पुटपुटत होतं, ते तिच्यापर्यंत पोचत नव्हतं. सहदेव समोर होता. त्याने ओठ न हलवता तिला शब्द दिला. तिला कळलं नाही. त्याने पुन्हा दिला. पटांगण गप्प. आणि त्या गप्प पटांगणात रणजिताच्या तोंडून हेमांगी बोलली.

“समुद्र आडवा होता म्हणता? तो मलाही आडवा होता. मी आले. तुम्ही का नाही आलात?”

तोच आवाज, तोच दम. मिशी लावलेल्या, कमरेला तलवार असलेल्या त्या माणसाचा हात खांद्याकडे गेला, पदर नव्हता तिथे.

मागे कुणीतरी फिसकन हसलं. मग एक म्हातारा ओरडला, “हेमांगी!” आणि सगळं पटांगण उठून टाळ्या वाजवायला लागलं. कुणी टिंगल करत नव्हतं, हेच तर दुःख आहे. इतक्या दिवसांनी त्यांची हेमांगी त्यांना भेटली होती. शेठ खुर्चीतून उठून उभे राहिले होते आणि लहान मुलासारखे रडत होते. मी सहदेवकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर लाज येण्याआधी, क्षणभर, सुख होतं. मी त्याची बहीण, मला ते दिसलं. सुगंधालाही दिसलं असावं.

दशरथकाका उभे राहिले. आवाज चढवला नाही त्यांनी. म्हणाले, “केस गेले, पण बाई काय गेली नाय.” आणि सुगंधाला घेऊन गर्दीतून बाहेर पडले.

उरलेला अंक कसाबसा झाला. रणजिताने काहीही म्हटलं तरी लोक हसायला लागले होते, प्रेमाने, पण हसत होते. पडदा पडल्यावर मी मागे पळाले. शेठची जुनी मोटार ठेवायची शेड होती, तिथे मंडळी तोंडं रंगवायची. सहदेव पेटीवर बसला होता. मिशी काढायचंही सुचलं नव्हतं त्याला. माझ्या मागोमाग शेठ आले. त्यांनी त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

“वाढव रे केस पुन्हा,” ते म्हणाले. “मी थांबतो. लोक हसोत नाहीतर काही करोत. मला दुसरी बाई नको. तू वाढव, मी थांबतो.”

इतके सुखात होते ते. मला त्यांना ओरडून सांगावंसं वाटत होतं की अहो, या पोराचं लग्न मोडलं आत्ता. पण शेडच्या दारात सुगंधा उभी होती. बापाला फाटकाशी उभं करून ती परत आली होती, धापा टाकत. तिने शेठकडे बघितलं, त्यांचं बोलणं ऐकलेलं होतं तिने. मग ती सहदेवला म्हणाली, “माझो बापूस म्हणता ता सोड. लोक म्हणतत ता सोड. तू काय म्हणतंस?”

काय हिंमत होती त्या पोरीची! त्या काळात, बाप फाटकात उभा असताना! त्याने नुसतं उठून तिच्याकडे दोन पावलं टाकली असती तरी पुरलं असतं. बाकीचं तिने निभावून नेलं असतं, मला खात्री आहे.

सहदेवने मान वळवली आणि शेठकडे बघितलं. शेठ वाट बघत होते, डोळे पुसत, हसत. आमची खोली, बाबांचा पाय, आईचा दिवा, त्याची नोकरी, आणि त्याहून मोठं म्हणजे त्याच्यावर एवढी माया करणारा तो म्हातारा होत चाललेला एकटा माणूस. तो म्हणाला, “होय शेठ.”

प्रश्न तिने विचारला होता. सुगंधाने पदर खांद्यावरून घट्ट ओढून घेतला. मग “बरां,” एवढंच म्हणाली आणि गेली.

वैशाखात तिचं लग्न झालं, कुडाळकडच्या एका मास्तराशी. वऱ्हाड शेठच्याच बोटीने गेलं. रत्नप्रभा संघ सोडून गेली, आणि सहदेव केस वाढवत राहिला. आई त्याच्याकडे बघायची नाही. फेडलेल्या नवसाचं डोकं पुन्हा वाढताना बघून तिला देवीची भीती वाटायची. गाववाले येईनासे झाले. शेठ मात्र रोज संध्याकाळी त्याला व्हरांड्यात बोलवायचे, नव्या नाटकाचं बोलायचे, त्याच्या मानेवर आलेल्या केसांकडे बघून म्हणायचे, “थोडे दिवस अजून.” आणि ते केस पुरते खांद्यावरही आले नव्हते तेव्हा एका सकाळी चहा घेताना शेठ गेले.

पुतण्यांनी बंगल्याच्या पटांगणात शोकसभा घेतली. एक वक्ता उठला आणि शेठनी घडवलेल्या खेळाडूंची नावं घेऊ लागला. एकेक जण उठून फोटोला हार घालून आला. मग दुसरा उठला, त्याने नटांची नावं घेतली. तेही उठले. खेळाडूंच्या वक्त्याला वाटलं सहदेवचं नाव नटांत येईल. नटांच्या वक्त्याला वाटलं ते खेळाडूंत येऊन गेलं, आणि सहदेव राहूनच गेला. रत्नप्रभा आली होती गिरगावातून. ती स्वतःचा हार हातात घेऊन शेवटच्या ओळीत सहदेवपाशी आली आणि म्हणाली, “दादा, हा तुम्ही घाला.” त्याने मानेने नको म्हटलं. ती तो हार तसाच घेऊन उभी राहिली बिचारी.

सभा संपल्यावर आम्ही दोघं वेसाव्याच्या रस्त्याने समुद्राकडे चालत गेलो. खोलीवर आईला तोंड दाखवायचं दोघांनाही नको होतं. पुतणे बंगला विकणार हे ऐकलं होतं, मी त्याला तेच काहीबाही सांगत होते, कुठे जायचं, काय करायचं. तो ऐकत नव्हता. वाळूपाशी पोचल्यावर मला राहवलं नाही. मी म्हटलं, रड ना रे एकदा. शेठसाठी रड, नाहीतर स्वतःसाठी रड, पण असा नको राहू.

“शेठसाठी कित्याक रडू?” तो म्हणाला. “तेंका हवा होता ता तेंका गावला.” मग वाळूत बसून चपलेतली वाळू झटकू लागला. मला वाटलं, झालं बोलून. पण तो म्हणाला, “माले, जल्मात एकदाच कोणी माका इचारल्यान, तू काय म्हणतंस म्हणान. आणि मी दुसऱ्याच्या तोंडाकडे बघीत रवलंय.”